गलाईची वाट

चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा भरते. सासनकाठ्या नाचतात, गुलालात माणसं ओळखू येईनाशी होतात. गावाबाहेरच्या रानात लागलेल्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचत गेलं तर तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, दिल्ली असा अर्धा देश तिथं उतरलेला दिसतो. गाड्यांतली माणसं मात्र याच मातीतली असतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ तालुक्यांतली आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव-माणमधली. दुकानात तमिळ नाहीतर बंगाली, सराफाशी फोनवर हिंदी, आणि आईशी बोलताना अस्सल माणदेशी. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि धातू चोख करून सराफाला परत द्यायचा, हा या गलाईवाल्यांचा धंदा. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात शिरा, विटा किंवा आटपाडीकडचा कोणीतरी भेटतोच. श्रीनगरसारख्या ठिकाणीही मराठी सोने कारागिरांची घरं गणपती बसवतात.

ही माणसं घराबाहेर का पडली, याचं उत्तर पावसाच्या आकड्यांत आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर असतो. सह्याद्रीनं ढग अडवले की पूर्वेकडच्या या पट्ट्याला उरलंसुरलं मिळतं. येरळा, माण, अग्रणी या नद्या वर्षातले बरेच महिने वाळूच्याच. 1876 ते 1878 च्या दुष्काळानं हा मुलूख होरपळला आणि 1972 च्या दुष्काळात इथली बायामाणसं खडी फोडायला गेली. ज्वारी-बाजरीवर पोट भरेना तेव्हा कोणी मुंबईच्या गिरणीत गेलं, कोणी गोदीत, आणि काहीजण झवेरी बाजारातल्या भट्ट्यांवर. भट्टीवर गेलेल्यानं भाऊ नेला, भावानं मेहुणा, मेहुण्यानं गावचा पोरगा. असं एकेक करत गावंच्या गावं या धंद्यात उतरली. सरकारी योजना नाही, कर्ज नाही, प्रशिक्षण केंद्र नाही. मिरजेला किंवा किर्लोस्करवाडीला गाडी धरायची, एवढंच भांडवल.

सोन्यासाठी घर सोडलेल्या माणसांची जगात गाजलेली गोष्ट मात्र कॅलिफोर्नियाची. 24 जानेवारी 1848 रोजी जेम्स मार्शल नावाच्या सुताराला कोलोमा इथं सटर यांच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे तीन लाख माणसं तिकडं धावली. कोणी बैलगाड्यांतून खंड ओलांडून गेलं, कोणी पनामाच्या जंगलातून हिवतापाशी झुंजत, कोणी जहाजानं दक्षिण अमेरिकेला वळसा घालून. खुश्कीची वाट तीन हजार किलोमीटरहून लांब होती आणि ती कापायला चार ते सहा महिने लागत.

या वाटेबद्दलचा एक हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. निघताना प्रत्येकाच्या मनात धास्ती होती ती मूळनिवासी टोळ्यांच्या हल्ल्यांची. त्यासाठी बंदुका घेतल्या, रात्री गाड्यांचं कडं करून पहारे बसवले. जॉन अनरू या इतिहासकारानं 1840 ते 1860 या वीस वर्षांची नोंद तपासली. मूळनिवासींच्या हातून मेलेले प्रवासी निघाले 362, आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूळनिवासी 426. वाटेवरची एकूण माणसं मात्र हजारोंनी मेली. त्यातल्या बऱ्याच जणांना मारलं कॉलऱ्यानं. प्लॅट नदीच्या काठानं एकामागून एक तळ पडत, आधीच्या तांड्यानं घाण केलेल्या खड्ड्यातलं पाणी पुढचा तांडा प्यायचा. सकाळी गाडी जुंपणारा माणूस संध्याकाळी पुरलेला असे. उरलेले नदी ओलांडताना बुडाले, गाडीच्या चाकाखाली आले, किंवा हल्ल्याच्या भीतीनं भरून ठेवलेली स्वतःचीच बंदूक चुकून उडून गेले. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखनं 1884 मध्ये कोलकात्यात ओळखला, तोवर या वाटेवरच्या कबरींवर गवत वाढून तीसहून अधिक वर्षं झाली होती. आणि ज्यांची सगळ्यांना भीती, त्या मूळनिवासींचं काय झालं? सोनं सापडलं तेव्हा कॅलिफोर्नियात त्यांची संख्या दीड लाखाच्या घरात होती. 1870 पर्यंत ती तीस हजारांवर आली.

माणसं भ्यायची एकाला, मारत होतं दुसरंच. खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांकडे मी याच नजरेनं पाहतो.

त्यांच्या घरी धास्ती असते ती लुटीची. ती खोटी नाही. दुसऱ्याचं सोनं अंगावर घेऊन सराफाच्या दुकानातून भट्टीवर आणि भट्टीवरून परत दुकानात दिवसातून कितीदा तरी जायचं असतं. सोनं हरवलं तर सराफाला वजनाला वजन भरून द्यावं लागतं, आणि भरून देणारा असतो मजुरीवर जगणारा माणूस. म्हणून दुकानातच झोपायचं, रात्री कोणी हाक मारली तरी दार उघडायचं नाही, गाडीत अनोळखी माणसाचा चहा घ्यायचा नाही, ही शिकवण पोराला गाव सोडण्याआधीच मिळते. गावाकडची म्हातारी फोनवर तेच तेच विचारते. चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी पारावर रंगतात. भट्टीवर रोज काय श्वासात जातं, हे मात्र पारावर कोणी काढत नाही.

गलाईचं दुकान म्हणजे बहुधा दहा बाय बाराची खोली. बोळात, जिन्याखाली किंवा जुन्या वाड्याच्या मागच्या अंगाला. एका कोपऱ्यात भट्टी, भिंतीला चिमटे टांगलेले, शेल्फावर मुशी, टाकणखाराची बरणी, वजनकाटा, आणि दाराशी तेजाबाचे कॅन. सराफ मोडीचं सोनं पाठवतो. तुटक्या साखळ्या, एकच राहिलेलं कर्णफूल, चेपलेल्या बांगड्या. बावीस कॅरटच्या सोन्यात शंभरातले साधारण 91.6 भाग सोनं आणि बाकी तांबं-चांदी असते. ते वेगळं करायचं म्हणजे आधी त्यात आणखी चांदी घालायची. ऐकायला उलटं वाटतं, पण सोन्याचं प्रमाण चौथाईवर आणल्याशिवाय तेजाब आतपर्यंत शिरत नाही. मूस लाल होते, पांढरी होते. सोनं 1064 अंशांना वितळतं. टाकणखाराची चिमूट पडली की मळ वर येतो. मग तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचे. चांदी आणि तांबं विरघळून तेजाब निळं-हिरवं होतं, आणि तळाशी राहतो तो तपकिरी गाळ, चहाच्या भुकटीसारखा. तो कोणाला दाखवला तर सोनं म्हणून ओळखणार नाही. धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातला की त्यातून चोख सोन्याचा पिवळाधमक पासा निघतो. विरघळलेली चांदीही सोडायची नसते. त्या निळ्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या टाकल्या की ती पांढऱ्या चुऱ्यासारखी खाली बसते. शेवटी खोलीतली झाडलेली धूळसुद्धा पोत्यात भरून ठेवतात, तिच्यातही कण असतात.

दाणे तेजाबात पडतात तेव्हा तांबूस धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. डोळे झोंबतात, घसा धरतो, खोकला येतो. माणूस बाहेर येऊन पाणी पितो, बरं वाटतं, जेवून झोपतो. या धुराचा खरा डाव त्यानंतर सुरू होतो. जास्त प्रमाणात छातीत गेला असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. दवाखान्यात नेलं तरी डॉक्टरला धुराचं सांगितलं जाईलच असं नाही, कारण नेणाऱ्याच्या लेखी धुराची गोष्ट कालच संपलेली असते. थोडा थोडा धूर वर्षानुवर्षं घेणाऱ्याची छाती हळूहळू जाते. जिना चढताना दम लागतो, हिवाळ्यात खोकला हटत नाही. आम्लाच्या वाफेनं पुढच्या दातांचा चकचकीत थर झिजतो. बोटांची कातडी पिवळी पडते, तीही तेजाबाचीच खूण.

तेजाबाचा धूर निदान दिसतो. न दिसणारा शत्रू दागिन्यातच लपलेला असतो. एके काळी 'केडीएम' म्हणून दागिने विकले जात. त्यांचे जोड कॅडमियम मिसळलेल्या डाकानं लावलेले असत. आता कॅडमियमच्या डाकाला मानक संस्थेची मान्यता नाही, पण तेव्हा घेतलेले दागिने घराघरांत आहेत आणि मोडीत येतच राहणार. कॅडमियम 767 अंशांना उकळतं. म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी ते वाफ होऊन खोलीत पसरलेलं असतं. ते फुफ्फुसाला जाळतं आणि मूत्रपिंडात साठतं, आणि एकदा साठलं की वीस-वीस वर्षं निघत नाही. कुणाच्या तरी लग्नातला हार कुणाच्या तरी छातीत असा उतरतो. पाऱ्याचंही तसंच. कॅलिफोर्नियात खाणकामगार सोन्याचे कण पाऱ्यानं धरून ठेवत आणि नंतर तव्यावर पारा उडवून देत. तिथल्या नद्यांत गेलेला तो पारा आजही सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या माशांत सापडतो आणि कोणते मासे किती खावेत याच्या सूचना निघतात. आपल्याकडं सराफांच्या दुकानांतली धूळ धुणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या पारा हातानं हाताळत आले. पारा 357 अंशांना उकळतो. त्याची वाफ उघड्या शेगडीवरून थेट नाकात जाते.

शहरंही आता या धुराला कंटाळली आहेत. मुंबईत काळबादेवी-भुलेश्वरच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आणि महापालिकेनं अलीकडे सी वॉर्डातल्या सोनं वितळवणाऱ्या कारखान्यांच्या चिमण्या काढायची मोहीम घेतली. रहिवाशांचं म्हणणं रास्त आहे. वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं, लहान मुलं राहतात. पण या सगळ्या चर्चेत चिमणीच्या खालच्या टोकाला बसलेल्या माणसाचं नाव आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. चिमणी काढली की धूर त्याच्या खोलीतच राहणार.

दुसरा धोका कायद्याचा. गलाईवाल्यांच्या घरांत लहान मुलांनाही एक आकडा पाठ असतो, 411. भारतीय दंडसंहितेतलं हे कलम चोरीचा माल घेण्याबद्दलचं. तीन वर्षांपर्यंत कैद. 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता आली आणि कलम 317 झालं, पण लोकांच्या तोंडी जुनाच आकडा आहे. प्रकार असा घडतो. कुठंतरी साखळीचोर पकडला जातो. तो सांगतो, माल अमक्या पेठेत विकला. पोलीस येतात, अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून. दागिना सराफाकडून गलाईकडं गेलेला असतो, किंवा चोरानं भट्टी दाखवलेली असते. वितळलेल्या सोन्याला चेहरा नसतो. साखळी कोणाची होती हे पाश्यावर लिहिलेलं नसतं. मग 'तेवढं सोनं काढून दे' इथंच गोष्ट येते. परमुलखात, परक्या भाषेत, ठाण्यात बसलेला आटपाडीचा पोरगा काय करणार? गावाकडं फोन जातो, बायकोचे दागिने मोडतात, रान गहाण पडतं.

कायद्याचे शब्द मात्र स्पष्ट आहेत. माल चोरीचा आहे हे माहीत असलं पाहिजे, किंवा तसं मानायला कारण असलं पाहिजे. आणि गलाईवाल्यापुढं येणारा प्रत्येक दागिना तुटलेला, जुना, बिनपावतीचाच असतो. मोडीचं सोनं तसंच असतं. या धंद्यात जाणूनबुजून चोरीचं सोनं स्वस्तात उचलणारेही आहेत आणि त्यांच्यावर गुन्हा व्हायलाच हवा. पण त्यांच्यामुळं भट्टीवरच्या प्रत्येक माणसाकडं चोराचा भागीदार म्हणून बघायचं, हे न्यायाचं नाही. जप्तीचा रीतसर पंचनामा, आलेल्या मालाची नोंदवही पुरावा म्हणून धरणं, अटकेआधी स्थानिक संघटनेला कळवणं, एवढं झालं तरी निरपराध घरं वाचतील. सन 1850 मध्ये कॅलिफोर्नियानं परदेशी खाणकामगारांवर महिना वीस डॉलरचा कर लादला होता. मेक्सिकन माणसं त्या करानं खाणींवरून हाकलली गेली आणि पुढं अशाच कराचा बोजा चिन्यांवर पडला. बाहेरून आलेल्याला आधी संशयानं बघायचं आणि मग त्याच्याकडून वसूल करायचं, ही रीत सोन्याइतकीच जुनी असावी.

याआधी तर एक काळ असा होता की या माणसांचा धंदाच गुन्हा ठरत होता. 1962 च्या चीन युद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायला बंदी आली. देशभरातले सोनार उघड्यावर पडले, काहींनी जीव दिला. 1968 च्या कायद्यानं सामान्य माणसाला सोन्याचा पासा किंवा लगड जवळ ठेवायलाही मनाई केली. गलाईवाल्याच्या हातून दिवसभरात निघणारी वस्तू म्हणजे पासाच! परवाना नसलेला माणूस मुशीतून पासा ओतत होता त्या क्षणी तो कायद्याच्या कचाट्यात होता. बावीस वर्षं हा कायदा राहिला. 1990 मध्ये मधू दंडवते अर्थमंत्री असताना तो रद्द झाला. त्या बावीस वर्षांत भट्टीची दारं आतून लावून घ्यायची, खिडक्या बुजवायच्या, चिमणी उंच न्यायची नाही असं करणं भागच होतं. बंद खोलीत तेजाब उकळायची सवय भीतीतून लागली, असं मला वाटतं. कायदा गेला तरी बंद खोल्या राहिल्या.

कॅलिफोर्नियाला गेलेल्यांच्या मागं पूर्वेकडच्या राज्यांत बायका राहिल्या. शेत, दुकान, पोरं आणि नवऱ्याचं कर्ज त्यांनीच सांभाळलं. खानापूर-आटपाडीतही पहिल्या पिढीत पुरुष एकटेच जायचे. दुष्काळात चाऱ्याच्या छावणीवर जनावरं धरून बसलेली बाई, सासूचं दुखणं, पोराची शाळा, आणि सहा-सहा महिने न आलेला नवरा. मनीऑर्डर आली तर दुकान चालू आहे, नाही आली तर काय समजायचं ते समजायचं. पुढं कुटुंबं सोबत जाऊ लागली, मुलं कोईमतूर-कोलकात्यात शिकली, तमिळ-बंगालीत बोलू लागली. मार्च 2020 च्या टाळेबंदीत भट्ट्या बंद पडल्या आणि हीच कुटुंबं पास काढून, भाड्याच्या गाड्या करून हजार-दोन हजार किलोमीटरवरून गावी आली. गावांनी त्यांना शाळांत, रानातल्या खोल्यांत चौदा दिवस वेगळं ठेवलं. एरवी यात्रेच्या वर्गणीची यादी ज्यांच्या नावानं सुरू व्हायची, त्यांनाच वेशीवर थांबावं लागलं. गावाचंही चुकलं असं म्हणवत नाही, भीतीच तेवढी होती.

या पैशानं मुलूख उभा राहिला, हे निर्विवाद. देवळांचे कळस, शाळांच्या खोल्या, विहिरी, माळावरचे बंगले. त्यातले कित्येक बंगले वर्षातले दहा महिने कुलपात असतात आणि म्हातारे आईबाप मागच्या जुन्या घरातच राहतात. आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून या माळावर आलं आहे. जिथं कुसळं होती तिथं डाळिंब, द्राक्ष, ऊस दिसतो. रानात पाणी आलं म्हणून परतलेले गलाईवालेही आहेत. दुसरीकडं धंदाही बदलतो आहे. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढून टंच सांगणाऱ्याची जागा क्ष-किरण यंत्रानं घेतली. मोठ्या शुद्धीकरण कंपन्या जुनं सोनं थेट गोळा करू लागल्या. 16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा होत गेला. दहा बाय बाराच्या खोलीचं महत्त्व दर वर्षी कमी होतं आहे. पण तिथं तीस-चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची छाती काही बदलून मिळणार नाही.

कायद्यात या माणसांना जागा आहे, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नायट्रस धुराची विषबाधा, शिशाची आणि पाऱ्याची विषबाधा हे आजार स्पष्ट नोंदवले होते. डॉक्टरला असा रुग्ण आढळला तर कारखाना निरीक्षकाला कळवणं बंधनकारक होतं. पण कारखाना म्हणजे काय? त्या कायद्यात, वीज वापरून दहा माणसं राबत असतील तर. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेनं ही मर्यादा वीसवर नेली. गलाईच्या खोलीत असतात दोन, तीन, फार तर चार माणसं, आणि त्यातला एक बहुधा मालकाचा भाऊ. ती कुठल्याच यादीत येत नाहीत. राज्य कामगार विम्याचीही गोष्ट तीच.

धूर धुऊन काढणारी यंत्रं बाजारात आहेत. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या फवाऱ्यातून धूर गेला की आम्ल बरंचसं पाण्यात उतरतं. एकट्या दुकानाला ते परवडत नाही. एका बोळातल्या आठ-दहा दुकानांनी मिळून एक धुराडं आणि एक यंत्र बसवलं तर परवडतं, आणि ज्यांची सोनं वितळवून घ्यायची रोजची गरज आहे त्या सराफ संघटनांनी त्यातला वाटा उचलायला काहीच हरकत नाही. छातीची फुंकर तपासणी दहा मिनिटांत होते. लघवीतलं कॅडमियम प्रयोगशाळेत मोजता येतं. मे महिन्यात लग्नसराईला ही सगळी मंडळी विट्यात, आटपाडीत, मायणीत, म्हसवडला असतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांनी तेव्हा पंधरा दिवस हे काम हाती घ्यावं, आणि तपासणीच्या कागदावर रुग्णाच्या धंद्याचा रकाना रिकामा सोडू नये. शेतकरी म्हणून नोंदलेला तो माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे त्या रकान्यात आलं तरच पुढचा डॉक्टर त्याच्या खोकल्याला नुसता खोकला समजणार नाही.